एकाच ठाणातलं कापड

"इथे तर काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून पाहिली आणि मंडईत नापसंत वांगं परत टाकावं तशी सोडून दिली. "मांडीलाही नाही. मग गालात भरायला चरबी आणायची कुठून?"

मी तपासणीच्या टेबलावर कुडता बरगड्यांपर्यंत वर धरून पडले होते. सत्तावीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी मुलगी. आणि पोटावर चरबी नाही म्हणून ओशाळले होते. जन्मात पहिल्यांदाच बारीक असल्याची लाज वाटली.

"पण डॉक्टर, काहीतरी मार्ग असेलच ना?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे निनादची आई, माझ्या होणाऱ्या सासूबाई. डॉक्टरांच्या समोरच्या मऊ खुर्चीत त्या बसल्या होत्या. माझी आई वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. तिला कुणी तिथे बसवलं नव्हतं. आपली जागा ती अशीच स्वतः शोधायची.

आधी गालांचं सांगते. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा ते चाळता चाळता काकू म्हणाल्या होत्या, "हेमांगी गोड आहे हो, पण गाल अगदीच बसलेत. आजारातून उठल्यासारखी वाटते." वाईट हेतूनं नाही, अगदी मायेनं म्हणाल्या. मला राग आला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. राग आला नाही. मी खोलीवर जाऊन आरशापुढे गाल फुगवून पाहिले, मग आत ओढून पाहिले, आणि काकूंचं बरोबर आहे असं ठरवून टाकलं. ते गाल माझ्या वडिलांचे होते. मी दहा वर्षांची असताना ते गेले, आणि जाताना मला जे काही देऊन गेले त्यात मुख्य हे गालच. पण लग्नाच्या अल्बममध्ये असलं काही दिसत नाही. मग काकूंच्या ओळखीचे हे डॉक्टर निघाले आणि "आमच्याकडून सुनेला भेट" असं ठरलं. निनादला विचारलं तर तो म्हणाला, "तुझी इच्छा. तू मला अशीही आवडतेस, पण तुला हवं असेल तर कर." निनाद प्रत्येक गोष्टीवर असं बोलायचा की त्याचं मत आहे असंही वाटावं आणि नाही असंही. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटायचा.

आईला मी बोलावलं नव्हतं. कऱ्हाडला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, पुढ्यात लग्नसराई होती. "ऑपरेशन म्हणतेस आणि आईला येऊ नको म्हणतेस व्हय?" असं म्हणून ती सकाळच्या एसटीनं येऊन उभी राहिली. क्लिनिकच्या त्या थंडगार, पांढऱ्या स्वागतकक्षात, काकूंच्या आणि तिथल्या मुलींच्या देखत, तिनं माझे दोन्ही गाल तळव्यांत धरले. सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती. गालांवरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी भेटले की हे ती करायचीच. माझी दृष्ट निघायची, तिला बरं वाटायचं. त्या दिवशी मी तोंड बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "आई, इथे नको." काकू भिंतीवरचं चित्र बघत होत्या. कुणाच्या गावंढळपणाकडे लक्ष नसल्याचं दाखवायची ती सभ्य पद्धत.

मी कुडता खाली ओढून खुर्चीत येऊन बसले. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगायला घेतलं. त्यांचं कपाळ इतकं गुळगुळीत होतं की त्यांना कशाचं आश्चर्य वाटलंच तर ते कुणाला कळणार नव्हतं. त्यांच्या शेजारी रुचा नावाची मुलगी फोटोंची फाइल घेऊन उभी होती. आधीचा चेहरा, नंतरचा चेहरा. आधीच्या फोटोत बायका रडवेल्या आणि नंतरच्या फोटोत लिपस्टिक लावलेल्या. लिपस्टिकनं किती काम केलं आणि डॉक्टरांनी किती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"पोटातून किंवा मांडीतून बारीक नळीनं चरबी काढायची," डॉक्टर काकूंकडे बघून सांगत होते. चेहरा माझा होता, पण ते काकूंशी बोलत होते. "ती यंत्रात फिरवून स्वच्छ करायची आणि बोथट सुईनं गालात थेंब थेंब सोडायची. दीड-दोन तासांचं काम. त्याच दिवशी घरी."

"सूज किती दिवस ऱ्हाते?" आईनं स्टुलावरून विचारलं.

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर काकूंना दिलं. "तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. मधमाश्या चावल्यासारखा चेहरा होतो, डोळे मिटल्यासारखे दिसतात. काळंनिळं होतं. दोन-तीन आठवड्यांत उतरतं. खरा चेहरा दिसायला तीन महिने."

"आणि घातलेलं सगळं टिकतंय का?" आईनं पुन्हा विचारलं.

"नाही. साधारण निम्मं शरीर विरघळवून टाकतं. म्हणून आम्ही भरतानाच जरा जास्त भरतो."

"म्हंजे माया ठिवायची," आई म्हणाली. "कोरं कापड धुतल्यावर आटतंय, म्हणून."

"अं... हो. तसंच काहीसं."

त्या खोलीत डॉक्टरांचं बोलणं नीट कळलेली ती एकटीच होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त तिचं 'आटतंय' ऐकू आलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"पहिले दहा दिवस पथ्य कडक," डॉक्टर बोटं मोजत म्हणाले. "उताणं झोपायचं, डोक्याखाली दोन उशा. कडक चावायचं नाही. जास्त बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचंही नाही. गालाची हालचाल झाली की चरबी धरत नाही. आणि सहा आठवडे गालांना कुणी हात लावायचा नाही. दाबणं, चोळणं, काही नाही."

"ऐकलंत ना विहीणबाई?" काकू हसून म्हणाल्या. "ते बोटं मोडणं बंद."

"व्हय, ऐकलं," आई म्हणाली आणि तिनं स्वतःचे हात पिशवीखाली घेतले.

"पण मुळात कच्चा मालच नाही, त्याचं काय?" डॉक्टर पुन्हा माझ्याकडे वळले. "किमान चार किलो वजन वाढवावं लागेल. लग्न मेमध्ये आहे म्हणता, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत करायलाच हवं. महिनाभरात चार किलो जमेल?"

तेव्हा आई स्टुलावरून उठली. मी घाबरलेच. ती टेबलापर्यंत आली, पदर सावरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझं घ्या की."

"काय?"

"चरबी. माझ्याकडं ढिगानं हाय." तिनं आपल्या पोटावर हात ठेवला. शिवणयंत्रापुढे बसून बसून आई चांगली रुंद झाली होती. "तिचीच आई हाय मी. एकाच ठाणातलं कापड. कापड कमी पडलं तर जोड त्याच ठाणातला द्यायचा असतोय, म्हंजे कळूनसुदीक येत न्हाई. तिला उगं खायाप्यायची जबरदस्ती कशाला? माझं पोट हाय तयार."

मग हशा पिकला. रुचानं फाइल तोंडावर धरली. काकूंना तर खुर्चीचा हात धरावा लागला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, कपाळाला मात्र एक सुरकुती नाही. मीही हसले.

"तसं होत नाही हो मावशी," डॉक्टर सावरून म्हणाले. "दुसऱ्याची चरबी शरीर घेत नाही. बाहेर टाकतं."

"मी दुसरी कुठली? नऊ म्हैने माझंच घेत हुती की ती."

"ते वेगळं."

"बरं," आई म्हणाली. तिनं एकदा आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि परत जाऊन स्टुलावर बसली. नंतर तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

खाली गाडीत निनाद वाट बघत होता. काकूंनी दार उघडता उघडताच सांगायला सुरुवात केली. "अरे, आज काय झालं माहितेय? ह्या डॉक्टरांना म्हणतात, माझं घ्या की!" कऱ्हाडचा हेल त्यांना बऱ्यापैकी जमला. निनाद आरशातून मागे माझ्या आईकडे बघून हसला, पण पटकन गंभीर होऊन म्हणाला, "पण किती प्रेमानं म्हणाल्या असतील." दोन्ही बाजू सांभाळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "मला स्वारगेटला सोडा. चारची गाडी मिळंल."

मग मला पोसण्याची मोहीम सुरू झाली. लग्नाआधी नात्यातल्या घरी नवऱ्या मुलीला जेवायला बोलावतात, केळवण करतात, ती माझीही झाली. पण माझ्या केळवणांना एक वेगळाच उद्देश होता आणि तो निनादच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होता. मावशीकडे बासुंदी, आत्याकडे पुरणपोळी, कुठल्याशा चुलत मामींकडे तर एका ताटात श्रीखंड आणि गुलाबजाम दोन्ही. "घे, घे, डॉक्टरांनी सांगितलंय ना," असं म्हणून वाढायच्या. बोकडाला इतक्या कौतुकानं चारा घालत असतील असं वाटत नाही. काकूंच्या बेडरूममध्ये वजनकाटा होता. जेवून परतलो की काकू मला त्यावर उभं करायच्या आणि आकडा हॉलमध्ये ओरडून सांगायच्या. मी ताठ उभी राहायचे. बँकेत मॅनेजरनं नुसतं "जरा लवकर" म्हटलं तरी फणकारणारी मी, त्या काट्यावर दर रविवारी मुकाट चढत होते.

आईही मागे राहिली नाही. दर बुधवारी कऱ्हाडहून डिंकाच्या लाडवांचा डबा एसटीच्या पार्सलनं यायचा. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. फोन केला की एवढंच, "दोन सकाळी, दोन रात्री खा. ब्लाउजांना मी शिलाईत जास्तीचं ठिवलंय, किती वाढलीस तरी उसवून देईन." चार किलोंतले तीन तरी तिच्याच डब्यांचे असावेत. बासुंदी मला कधी पचली नाही.

शेवटचं केळवण काकूंच्या स्वतःच्या घरी होतं. वीस-बावीस बायका होत्या, आणि विहीण म्हणून आईला मुद्दाम बोलावलं होतं. ती तिची ठेवणीतली जांभळी इरकल नेसून आली. भेटल्यावर तिचे हात वर उठले, मग तिला आठवलं असावं, काकू समोरच होत्या. तिनं माझा दंड धरला आणि सवयीनं म्हणाली, "अर्धा इंच वाढलाय."

जेवणं झाल्यावर पानसुपारीच्या वेळी काकूंनी टाळी वाजवली. "अगं, तुम्हाला विहीणबाईंची गंमत सांगायची राहिली. पण नको, त्यांनीच सांगायला हवी. सांगा ना विहीणबाई, तुम्ही डॉक्टरांना काय म्हणालात ते!"

मला वाटलं, आता आई गप्प बसेल, किंवा पडलेल्या चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटेल, आणि मला ते बघावं लागेल. आई मात्र उभी राहिली. तिनं पदर खोचला आणि सुरुवातच अशी केली की बायका सरसावून बसल्या. डॉक्टरांची दोन बोटांची चिमटी, नापास पोट, स्टुलावरून आपलं उठणं, "ढिगानं हाय" म्हणताना पोटावर मारलेली थाप. नकला करण्यात तिचा हात कुणी धरला नसता हे मला ठाऊकच नव्हतं. बायका गडाबडा लोळायच्या बाकी होत्या.

"मग काय!" आई म्हणाली. "ती फायलीवाली पोरगी हसली, ह्या आमच्या विहीणबाई हसल्या, डॉक्टर तर डोळं पुसाय लागलं. मला म्हनले, मावशी, तुमची चरबी चालायची न्हाई!"

काकूंनी तिला हसत हसत मिठी मारली. "किती निर्मळ आहात हो तुम्ही!" मी सोफ्याच्या टोकावर बसून तिनं घेतलेली नावं मोजत होते. रुचा, काकू, डॉक्टर. माझं नाव नव्हतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, हिचं लक्ष नव्हतं.

मार्चच्या मध्यावर ते काम झालं. डॉक्टरांनी पुन्हा पोट चिमटीत धरलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! आता कसं हाताला लागतंय. कुठून आणलंत?" मी म्हटलं, "लाडू." त्यांना विनोद वाटला. मग जांभळ्या पेनानं चेहऱ्यावर गोल काढले, सुई दिली, पुढचं मला धूसर आठवतं. कुणीतरी यंत्र सुरू केलं, त्याची घरघर, आणि गालात ताण. पुन्हा डोळे उघडले तेव्हा आई पायाशी उभी होती.

दहा दिवस ती माझ्या पुण्याच्या खोलीवर राहिली. ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून. येताना हातशिलाईचं काम बरोबर घेऊन आली होती, माझ्याच ब्लाउजांची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून वाईट झालं. आरशात बघितलं तर समोर एक भोपळा होता आणि त्याला दोन चिरा पाडल्या होत्या. पोटावर आवळपट्टी, मांड्यांवर काळेनिळे डाग, उताणं झोपून पाठीचं लाकूड झालेलं.

त्याच दिवशी काकू आल्या. दारातच थबकल्या. "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या आणि डाळिंबांची पिशवी उंबऱ्याजवळच ठेवली. "असंच असतं ना हे? उतरेल ना? मी फोनवर आहेच हं." त्यांची लिफ्ट खाली जाईपर्यंत डाळिंबं तिथेच होती. निनादचा संध्याकाळी फोन आला. "आई म्हणाली जरा जास्त सुजलंय. मी आलो तर तुला संकोच वाटेल, म्हणून नंतर येतो. चालेल ना?" मी "हं" म्हटलं. नाही तरी बोलायची मनाई होती.

आई मऊ भात कालवून चमच्यानं भरवायची. चमचा ओठांतून आत जायचा आणि बाहेर यायचा, पण तिचं बोट चुकूनही माझ्या गालाला लागायचं नाही. मापं घेताना अंगाला न टोचता टाचण्या लावायचा तो हात होता. कपाळावरचे केस बाजूला करायचे तरी कंगव्याच्या टोकानं करायची.

सहाव्या दिवशी दुपारी मी कंटाळून गेले. आई खिडकीशी बसून बाहीची किनार दुमडत होती.

"आई, काहीतरी बोल ना."

"तोंड हलवू नकोस."

"मी नाही बोलत. तू बोल."

"मी बोललं की माणसं हसत्यात. तुला हसायचं न्हाई."

ती चेष्टा करते आहे असं मला वाटलं. तिच्याकडे पाहिलं तर ती सुईकडे बघत होती. मग ओठ न हलवता जमेल तसं विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरकडे सगळे हसले. तुला वाईट वाटलं?"

"सगळी एकदम न्हाई हसली," आई म्हणाली. तिनं दोरा दातानं तोडला. "आधी तू हसलीस."

पंखा फिरत होता. ती नवा दोरा ओवत होती. पहिल्याच प्रयत्नात तो आत गेला.

"आधी तू. मग ती फायलीची पोरगी. मग तुझ्या सासूबाई. डॉक्टर बिचारं दाबून धरून हुतं, ते सगळ्यात शेवटी. मला न्हाई कळत का? चाळीस वर्सं आरशापुढं बायका उभ्या करून त्यांची तोंडं बघत आलीया मी, ब्लाउज पसंत पडला का न्हाई ते बोलायच्या आधी कळतंय मला." ती किनारीवर नख फिरवत राहिली. "परक्या माणसाला हसायला भ्या वाटतंय, हेमा. आपलं माणूस हसलं की मग मोकळीक हुती."

"पण केळवणात तू माझं नाव..."

"ती तुझ्या सासरची माणसं. तिथं कशाला सांगू?"

माझे डोळे भरून आले. सुजलेल्या चिरांतून पाणी वाट काढत बाहेर यायला लागलं. आईनं ब्लाउज बाजूला ठेवला, पदराचं टोक पिळून दोऱ्यासारखं बारीक केलं आणि डोळ्यांच्या कडांशी नुसतं टेकवून पाणी टिपून घेतलं. गालाला न लागता.

"रडू नको," ती म्हणाली. "सूज वाढंल. पथ्य सांगितलंय ना."

मला तिची माफी मागायची होती. पण माफी मागायला तोंड हलवावं लागतं, आणि तोंड हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते कारण मी दोन्ही हातांनी पकडलं. सूज उतरली की सांगू, असं ठरवलं. सूज उतरली. मी बँकेत गेले, पत्रिका वाटल्या, शालू आणला. रोज वाटायचं, हे काय फोनवर बोलायचं? आणि भेटले की वाटायचं, एवढ्या गडबडीत कुठे?

मेमध्ये लग्न झालं. चेहरा छान दिसत होता, खोटं का बोला. फोटोग्राफरनं दोनदा सांगितलं. सूनमुख बघायच्या वेळी काकूंनी मला मांडीशी घेऊन समोर चांदीच्या चौकटीचा आरसा धरला, माझे गाल डावीउजवीकडून न्याहाळले आणि म्हणाल्या, "आत्ता कसं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आरशात मागे आई दिसते का बघत होते. ती आरशाच्या चौकटीत नव्हती. कुठेतरी कडेला कुणाच्या तरी मुलीच्या ब्लाउजाचं तुटलेलं हूक लावून देत होती.

ते गाल पुढे डॉक्टरांनी सांगितलं तसेच वागले. निम्मे विरघळले. डावा थोडा जास्तच. काकूंनी दुसऱ्या सिटिंगचं सुचवलं, मी टाळत राहिले, मग मुलगी झाली, मग विषयच राहिला. चौदा वर्षं झाली. अल्बममध्ये बघणाऱ्यांना वाटतं, लग्नात हेमांगी कशी भरलेली होती. मी काही बोलत नाही. आईचा त्यातला एकच फोटो आहे, निघतानाचा, आणि तो नीट आलेला नाही. तिचे हात हलले आहेत.

निघायची वेळ झाली तेव्हा गाडीचं दार उघडं होतं. काकू आत बसल्या होत्या, निनाद फुलांचा हार सांभाळत उभा होता. मी माझ्या मावशीला भेटले, शेजारणींना भेटले, आणि आई समोर आली. मी मान थोडी खाली केली आणि चेहरा पुढे दिला, लहानपणापासून देत आले तसा. त्या दिवशी क्लिनिकमध्ये बाजूला घेतलेला तोच चेहरा. त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं.

आईचे दोन्ही हात वर आले. माझ्या गालांपासून बोटभर अंतरावर थांबले. तिथे, हवेतच, ते वरून खाली फिरले, गालांच्या आकाराप्रमाणे, नव्या आकाराप्रमाणे. मग ती हात आपल्या कानशिलापाशी घेऊन गेली आणि बोटं मोडली. सगळी दहा मोडली. आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आई," मी म्हटलं, "सहा आठवडे कधीच झाले. आता हात लावलेला चालतो."

"असू दे," आई म्हणाली. "महागाचं काम हाय."